ओरॅकल कार्डांचे ४४ दिवस, माझ्या वहीतून

आधीच सांगते, मी रीडर-बिडर कोणी नाही. इंदूरला एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर टॅली आणि जीएसटी, घरी सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. हे लिहायचं कारण एवढंच की ऑगस्टमधे मी जेव्हा या कार्डांच्या, म्हणजे मनात प्रश्न धरून चित्राचं पान ओढायचं आणि त्याचा अर्थ लावायचा त्या गड्डीच्या, नादी लागले तेव्हा मराठीत शोधलं तर एकीकडे "ब्रह्मांड तुम्हाला संकेत देतंय" आणि दुसरीकडे "सगळं थोतांड", मधलं कोणी बोलतच नव्हतं. म्हणलं आपलं काय झालं ते तारीखवार लिहून ठेवावं, कोणाला उपयोग झाला तर झाला.

सुरुवात राखीला झाली. ९ ऑगस्ट २०२५, शनिवार. रामबागेत माहेरी गेले होते, दादाला राखी बांधली, ताट उचलता उचलता दादा म्हणाला, "अगं, घर बिल्डरला द्यायचं चाललंय, कागद तयार होतायत, तुला फक्त सही करायला यायचंय." फक्त. मी हो म्हणलं, श्रीखंड खाल्लं, घरी आले आणि त्या रात्रीपासून झोप गेली ती गेलीच. रागही धड येत नव्हता. पैसे हवेत का, तर तसंही नाही. मग काय हवंय? ते कळत नव्हतं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला विजयनगरला एका कार्ड रीडरकडे नेलं, २३ ऑगस्टला. अर्ध्या तासाचे ११०० रुपये, आधी फोनवरून भरायचे. छान एसी खोली, लॅव्हेंडरचा वास, बाई बोलायला गोड. पंचवीस मिनिटं बरी गेली आणि शेवटच्या पाच मिनिटांत कळलं की माझ्यात "ब्लॉकेज" आहे आणि त्याला ५१०० रुपयांचं ब्रेसलेट लागेल. मी म्हणलं विचार करून सांगते, आणि खाली उतरून पहिले चहा प्यायले. पण एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. सुरुवातीला तिने गड्डी माझ्या हातात दिली आणि म्हणाली की तुमचा प्रश्न मोठ्याने बोला. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मला प्रश्नच सांगता येईना! शेवटी काहीतरी "घरचं नीट होईल का" असं पुटपुटले.

तेव्हाच ठरवलं की ब्रेसलेट नको, पण गड्डी आपण घ्यायची, स्वतःपुरती.

आता गड्डी घेणे प्रकरण. २७ ला गणपती बसले, २८ ला दुपारी मोदकांच्या सुस्तीत मी मोबाइलवर ४४९ रुपयांची गड्डी ऑर्डर करून टाकली. तीच गड्डी दुसरीकडे १८००-१९०० ला दिसत होती, मला वाटलं वा, स्वस्तात मिळाली. १ सप्टेंबरला आली. डबा हातात घेतला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, हलका. आत कार्डं ४४ च होती पण सोबत पुस्तिका नाही, तिच्या जागी एक क्यूआर कोड असलेलं चिठोरं. रंग जरा हिरवट, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, दोन कार्डांच्या मागची नक्षी बाकीच्यांपेक्षा एक सूत वर सरकलेली, म्हणजे पालथ्या गड्डीतूनही ती दोन ओळखू येणार! नकली. नंतर कळलं की हा धंदा जोरात आहे, आणि ओळखायच्या खुणा ह्याच: किंमत एक चतुर्थांश, पुस्तिकेऐवजी क्यूआर, डब्यावर प्रकाशकाचं नाव किंवा पुस्तकांवर असतो तो आयएसबीएन नंबर नाही, साइज जरा लहान.

परत करायला गेले तर विक्रेता म्हणे पाकीट उघडलंय, रिटर्न होणार नाही. अरे, उघडल्याशिवाय नकली आहे हे कळणार कसं? सुदैवाने माझ्या मुलीची सवय, काहीही आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढते. तो व्हिडिओ, बिल आणि अस्सल गड्डीच्या फोटोशेजारी ठेवून काढलेला फोटो, एवढं जमवून ४ तारखेला १९१५ वर फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. तक्रार नंबर मिळाला. तो नंबर विक्रेत्याला चॅटवर टाकल्यावर भाषा एकदम मऊ झाली. १५ सप्टेंबरला ४४९ परत आले, गड्डी न्यायला मात्र आजपर्यंत कोणी आलेलं नाही. सासूबाई त्यातली कार्डं पोथीत खुणेला घालतात, जाड आहेत, बरी पडतात म्हणे.

खरी गड्डी ३ तारखेला एका पुस्तकवाल्याकडून मागवली, १८५० आणि वर ६० पोस्टेज. ६ ला अनंत चतुर्दशी, झांक्यांची म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांची रात्र, अर्ध्या शहराचे रस्ते बंद, ७ ला रविवार आणि रात्री चंद्रग्रहण, त्यामुळे पार्सल हाती पडलं ८ तारखेला, म्हणजे बरोब्बर पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी. सासूबाई दारातच. "पितृपक्षात नवीन वस्तू घेतलीस?" मी म्हणलं, पुस्तक आहे. त्यांनी डबा हलवून बघितला. "सुटं दिसतंय." नवरा आतून म्हणाला, त्यापेक्षा रमी खेळू, मीही येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅरो आणि ओरॅकल एक नाही. टॅरोची ७८ पानं ठरलेली असतात, २२ मोठी आणि ५६ छोटी, छोट्यांचे चार रंग आपल्या पत्त्यांसारखेच. मुळात तो पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळच, भविष्याचा नाद त्याला अठराव्या शतकात फ्रान्समधे लागला. ओरॅकलला असा काही नियम नाही. बनवणारा म्हणेल तेवढी पानं, म्हणेल ती चित्रं, माझ्या गड्डीत ४४ आहेत. जुन्यांपैकी लेनोरमांची गड्डी ३६ पानांची, लेनोरमां ही पॅरिसची प्रसिद्ध भविष्य सांगणारी बाई, १८४३ साली गेली, आणि गंमत म्हणजे तिच्या नावाची ही कार्डं बाजारात आली तिच्या मरणानंतर, त्यांचं मूळ १८०० च्या आसपासच्या एका जर्मन खेळात आहे. म्हणजे मोठ्या नावाने माल खपवणं तेव्हाही होतं, ४४९ वाल्याला उगाच नावं ठेवली.

९ सप्टेंबर, मंगळवार, पहिला दिवस. खजुरी बाजारातून ६० रुपयांची लांबडी वही आणली होती, लेजरसारखी. सवय ती सवय, मी पाच रकाने आखले: तारीख, प्रश्न, कार्ड, बघताक्षणी काय वाटलं, आणि रात्री काय झालं. पुस्तिकेतला अर्थ मुद्दाम रकान्यात ठेवला नाही, तो चौथा रकाना भरल्यावरच वाचायचा असं ठरवलं. हा नियम माझा मीच केला आणि पुढे सगळ्यात उपयोगी तोच पडला, कारण आधी पुस्तिका वाचली की मग आपण चित्र बघतच नाही, अर्थ कुठे बसवता येईल ते शोधत बसतो.

पिसण्याबद्दल कोणीच सांगत नाही. ही कार्डं साध्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी, माझ्या हातात मावत नाहीत. पत्त्यांसारखी फरफर करून पिसायला गेले तर मधे बाक आला. ५२ पत्ते नीट मिसळायला तशी फरफर सात वेळा तरी करावी लागते असं गणितवाल्यांनी १९९२ मधे दाखवलंय, आणि मी काय करत होते, तर दोनदा वरखाली करून पान ओढत होते. मग कालचं वरचंच पान आज पुन्हा आलं की अंगावर काटा! शेवटी उपाय सापडला तो साधा: सतरंजी अंथरायची, सगळी कार्डं पालथी पसरायची, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल कालवायची, पोह्यांवर शेव-दाणे कालवतो तशी, मग गोळा करून एक ओढायचं. कार्डंही वाकत नाहीत.

धूप दाखवा, चंद्रप्रकाशात ठेवा, टकटक करून जुनी ऊर्जा काढा वगैरे सगळं वाचलं होतं. मी एक दिवस उदबत्ती लावली, राख कार्डावर पडली, तिथेच ते संपलं.

पहिला आठवडा सरकारी कामासारखा गेला. सकाळी डबे करून झाले की साडेसातला पान ओढायचं, दोन ओळी लिहायच्या, पळायचं. प्रश्न काय, तर "आज काय लक्षात ठेवू?" उत्तरंही तशीच, विश्रांती, कृतज्ञता, वाट बघ. मार्च एंडिंगला कोणी सीए ऑफिसात विश्रांतीचं कार्ड काढून दाखवावं.

१६ तारखेला बाबांची तिथी होती. रामबागेत गेले तेव्हा गड्डी पर्समधेच होती. जेवणं झाल्यावर आई माझ्याशेजारी येऊन बसली, तिला दाखवली. आईने चार पानं उलटीसुलटी केली आणि विचारलं, "आणि पोपट कुठाय?" तिच्या लहानपणी राजवाड्यापाशी पिंजरा घेऊन बसायचा तो पोपटवाला, पोपट चोचीने पाकीट ओढायचा. मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय, तुझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मी रामशलाका बघितली होती." रामशलाका माहीत असेल तुम्हाला, रामचरितमानसाच्या पोथीत असते, १५ बाय १५ ची २२५ घरं, एका घरावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर घेत गेलं की चौपाई तयार होते. मी विचारलं काय आलं होतं. म्हणाली, "कार्य होईल असं आलं. पण मी तीनदा ठेवलं होतं बोट." पहिल्या दोनदा काय आलं होतं ते सांगितलं नाही.

तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं. दहा दिवसांनी कळलं की हे घराण्यातच आहे.

त्याआधी एक. १७ सप्टेंबरला, म्हणजे नवव्या दिवशी, ११ तारखेला आलेलं "विहीर" हेच कार्ड पुन्हा आलं. ४४ मधून नेमकं तेच! मी दिवसभर हवेत. संध्याकाळी भाचा आला होता, दादाचा मुलगा, होळकर सायन्स कॉलेजला आहे, गणितवाला. त्याला सांगितलं तर त्याने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ४४ कार्डांतून रोज एक ओढून परत ठेवायचं, तर नऊ दिवसांत कुठलंतरी एक कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता ५८ टक्के. आठ दिवसांतही जवळजवळ निम्मी. "आत्या, न येतं तर जास्त नवल होतं." मला जरा वाईटच वाटलं. पण आकडा बरोबर होता, मी दोनदा तपासला.

२५ तारखेला, नवरात्रात, दादाने कागदाची झेरॉक्स पाठवली. हिंदीत, "हक त्याग विलेख", म्हणजे हक्क सोडल्याचा कागद, सहा पानं. मी पहिलं पान वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. २७ ला रात्री सगळे झोपल्यावर गड्डी काढली आणि सरळ विचारलं, सही करू का? पान आलं "सोडून दे". हिरवं झाड, पानगळ. मला ते पटलं नाही. पुन्हा ओढलं, "सीमा". हे आवडलं, पण मग वाटलं एकाला एक झाले, निकाल लागला नाही, तिसरं ओढू. असं करत करत सात ओढली. सातवं होतं "उत्सव". सही करू का, तर उत्सव! घड्याळात पावणेदोन. मी गड्डी आवरली, दिवा बंद केला आणि अंधारात आईची ती तीन बोटं आठवली.

दुसऱ्या दिवशी वहीत लाल पेनाने लिहिलं: एका प्रश्नाला एक पान. रात्री दहानंतर नाही. हो-नाहीचा प्रश्न नाही. नंतर अजून एक जोडलं, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायचं नाही, कारण "दादा असं का वागतोय" यावर मी जे पान ओढीन त्याचा अर्थ मीच लावणार, दादा थोडाच लावणार आहे. तुम्ही सुरू करणार असाल तर हे चार पहिल्या दिवशीच लिहून घ्या, माझ्यासारखे वीस दिवस घालवू नका. तब्येतीचं आणि कोर्टकचेरीचं पण विचारू नका, त्याला डॉक्टर आणि वकील आहेत.

वकिलाकडे मी ४ ऑक्टोबरला गेले. मैत्रिणीच्या ओळखीतल्या बाई, एक हजार फी, तास दीड तास शांतपणे समजावलं. घर बाबांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी तिघांना सारखं. एक तृतीयांश आई, एक दादा, एक मी. मी आपलं मोबाइलवर वाचलेलं २००५ चं पाजळायला गेले तर म्हणाल्या, ती दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलींच्या हक्काची, तुमच्या केसला तिची गरजच नाही, तुमचा हक्क त्याच्या आधीपासूनचा आहे. आणि म्हणाल्या की हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, पण एकदा रजिस्टर झालं की नंतर मन बदललं म्हणून परत मिळत नाही, आणि सहीच्या आधी सगळी पानं वाचा. सगळी. मी मान हलवली, माझं एकच वाचून झालं होतं.

बाहेर आले तेव्हा वाटलं, तीन आठवडे मी चुकीच्या खिडकीवर रांगेत उभी होते.

मग गड्डी ठेवून द्यायची का? तसं मनात आलं होतं. पण वही अर्धी भरलेली आणि माझ्याच्याने अर्धं खातं सोडवत नाही. १२ ऑक्टोबरला, रविवारी, मी माझंच ऑडिट केलं. तोवर ३४ दिवस झाले होते आणि रात्रीच्या रकान्यात २४ दिवसांपुढे "लागू पडलं" असं लिहिलेलं होतं. सत्तर टक्के, भारीच की. मग दहा दिवस उचलले आणि त्यांच्यासमोर मुद्दाम चुकीची कार्डं ठेवली, मंगळवारच्या दिवसाला शुक्रवारचं पान असं, आणि पुस्तिकेतला अर्थ वाचून प्रामाणिकपणे ठरवलं लागू पडतं का. दहातली आठ पडली. म्हणजे चुकीची कार्डं खऱ्यांपेक्षा जास्त लागू!

मुलीला सांगितलं, ती मानसशास्त्र घेऊन शिकतेय, ती म्हणाली हे जुनं आहे आई. फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९४८ मधे ३९ विद्यार्थ्यांना "तुझ्या चाचणीवरून काढलेलं तुझं व्यक्तिमत्त्व" म्हणून एकेक कागद दिला, सगळ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, आणि सगळ्यांना कागद एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उतरवलेला. "तुमच्यात खूप क्षमता आहे पण ती वापरली गेली नाही" टाइप. ते वाक्य मला विजयनगरलाही ऐकवलेलं, ११०० रुपयांत.

त्या संध्याकाळी मी वही पुन्हा चाळली, यावेळी पाचवा रकाना झाकून फक्त चौथा वाचला, बघताक्षणी काय वाटलं तो. तिथे मजकूरच वेगळा होता. पुस्तिकेचे अर्थ सगळ्यांचे, पण त्या रकान्यातली वाक्यं कुठल्याच कागदावरून उतरवलेली नव्हती. "दार उघडं आहे पण आत दिवा नाही, आईची खोली." "पक्षी एकटा नाहीये, मागे घरटं आहे, कोणाचं?" "उंबरठा, मी इकडे की तिकडे?" ३४ दिवसांत अकरा वेळा घर आलं होतं आणि त्यातल्या सात वेळा आई. पैसा एकदाही नाही.

मग प्रश्न बदलला. १४ तारखेला सकाळी वहीत लिहिलं: मला दादाला असं काय विचारायचंय जे मी विचारत नाहीये? पान आलं विहीर. तिसऱ्यांदा, पण आता मला टक्केवारी माहीत होती, काटा-बिटा आला नाही. नीट बघितलं. दगडी काठ, त्यावर हात टेकून वाकलेली बाई, तिचा चेहरा दिसत नाही, फक्त पाठ आणि मानेवर सुटलेला अंबाडा. दोर खाली गेलाय पण बादली दिसत नाही. पाण्याच्या जागी चित्रकाराने निळा दिलाच नाहीये, नुसता काळा, आणि त्या काळ्यात एक बारीक पांढरा ठिपका, आकाशाचा असेल. पुस्तिका म्हणते "अंतर्ज्ञानाची खोली". मला दिसली ती रामबागेतली मागच्या अंगणातली विहीर, लोखंडी जाळी टाकलेली, जाळीवर बाबांच्या तुळशीच्या कुंड्या. माझ्या लग्नाआधीचा उन्हाळा, विहीर आटलेली, टँकरपुढे आई दोन-दोन तास उभी. दादा तेव्हा पुण्याला नोकरीत. मी माझ्या पहिल्या नोकरीच्या साठवलेल्या पगारातून बाबांना १८ हजार दिले आणि अंगणात बोअर झाली. बाबा म्हणाले होते, "घरात तुझं पाणी आहे आता." तेच पाणी अजून येतं नळाला. आणि बिल्डरच्या नकाशात त्या जागी पार्किंग आहे.

चौथ्या रकान्यात एवढं सगळं मावेना, चिकटवणी लावावी लागली. ऑफिसला उशीर झाला, हाफ डे लागला. मग रात्री बसून कपाटातली ती सहा पानं पहिल्यांदा पूर्ण वाचली, आणि दुसऱ्या पानावरच थांबले.

पुढचे आठ दिवस दिवाळीच्या गडबडीत गेले, लाडू, चकली, बोनसचे हिशोब, पानं ओढली पण वहीत एकेक ओळ. २२ ऑक्टोबरला ४४ पूर्ण. मोजलं तर २९ वेगवेगळी कार्डं आली होती, १५ एकदाही नाही. त्या १५ ची वेगळी गड्डी करून बघत बसले, त्यात "क्षमा" होतं आणि "घर" होतं, म्हणलं बघ, नेमकी हीच आली नाहीत! भाच्याला मेसेज केला. त्याचं उत्तर: "आत्या, हिशोबाने १६ न यायला हवीत. तुझं एक जास्तच आलंय."

एकूण खर्च लिहायचा राहिला: गड्डी १९१०, वही ६०, वकील १०००, आणि विजयनगरचे ११००, ते मी बुडीत खात्यात टाकलेत.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज, २३ तारीख. गड्डी घरीच ठेवली. ओवाळून झालं, दादाने पाकीट दिलं, आणि मी म्हणलं, "दादा, मला दोन गोष्टी विचारायच्यात, भांडायला नाही आले." आवाज थरथरत होता, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पहिली बोअरची. दादा बघतच राहिला. "मला माहीतच नाही. मला वाटलं बाबांनी केली." आई पाटावरून म्हणाली, "मला माहीत होतं. कोणी विचारलं नाही." दादाचा चेहरा असा झाला की मला माझ्या पाठ केलेल्या पुढच्या तीन वाक्यांची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ती सहा पानं. मी पर्समधून काढली आणि आईच्या हातात दिली. आईने विचारलं, "हे तेच का, ज्यावर मी परवा सही करणार होते?" दादा म्हणाला, अगं आई, ते नुसतं फॉर्मॅलिटी. आई म्हणाली, चष्मा आण. भाच्याने आणून दिला. ती हिंदी कागद बोट ठेवून वाचते, पोथी वाचते तशीच, प्रत्येक शब्द मोठ्याने. पहिलं पान झालं, दुसरं सुरू झालं, निरांजनातलं तूप संपत आलं होतं, ताट कोणी उचललं नाही. मधेच बोट थांबलं.

"त्यागकर्ता क्रमांक एक," आईने वाचलं, मग चष्म्यावरून दादाकडे बघितलं. "ही मी का रे?"

दादा हो म्हणाला.

"मग माझी खोली कुठल्या पानावर आहे ते दाखव."

दादाने कागद घेतला, सहाही पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. वहिनीने आतून येऊन ट्यूबलाइट लावली.